कमरेला साठ तोळे

२०२४च्या मे महिन्यात पंधरा दिवस मी कमरेला सागवानाचा एक ठोकळा लावून हिंडत होतो. लांबी पावणेअठरा सेंटिमीटर, जाडी साडेतीन, आतून कोरून शिसं ओतलेलं. दुकानातल्या चांदीच्या काट्यावर बरोबर सातशे ग्रॅम भरेपर्यंत शिसं कमी-जास्त केलं. जुन्या हिशेबाने साठ तोळे. आकार मुद्दामच हत्यारासारखा ठेवला नव्हता. नुसता चौकोनी ठोकळा, कातडी पट्ट्यात अडकवलेला. परवाना हातात आला होता, रिव्हॉल्व्हर अजून घ्यायचं होतं. त्याआधी मला एवढंच बघायचं होतं, की एवढ्या वजनाची, एवढ्या लांबीची वस्तू सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत माझ्या अंगावर टिकते का.

आमचं दुकान कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तिसरी पिढी. चांदीचं काम जास्त. कच्ची चांदी हुपरीच्या कारागिरांकडे पोचवायची आणि पैंजण, जोडवी, वाळे असा तयार माल घेऊन यायचा, ही फेरी आठवड्यातून दोनदा तरी ठरलेली. वडील ही ने-आण एसटीने करायचे. पिशवीत वर कांदे, खाली चांदी. तेव्हा चांदीचे भाव वेगळे होते आणि रस्त्यावरची माणसं तोंडओळखीची होती. मी मोटारीने जातो, सोबत दुकानातले जुने शिवामामा असतात. २०२२च्या डिसेंबरात, सातच्या सुमारास परतताना, दोन मोटारसायकली आमच्या मागे लागल्या. वेग कमी केला की त्याही कमी करायच्या. मी गाडी पेट्रोल पंपावर घातली, उजेडात उभी केली. ते पुढे निघून गेले. घडलं काहीच नाही, पण मामांच्या हातातली पाण्याची बाटली घरी पोचेपर्यंत थरथरत होती. त्या रात्री मी परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवलं.

परवान्याची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. शस्त्र अधिनियम १९५९चा, नियम २०१६चे. आपल्या जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. नमुना ए-१, आयकराची विवरणपत्रं, व्यवसायाची नोंदणी, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, मग हद्दीतल्या ठाण्याची चौकशी. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, गल्लीतल्या डॉक्टरांना विचारलं, मी दारू पितो का, घरात भांडणं होतात का, हेही विचारलं. मला त्याचा राग आला नाही. उलट ज्या माणसाच्या हातात हत्यार द्यायचं त्याच्याबद्दल एवढं तरी विचारलंच पाहिजे. पहिला अर्ज ‘गरज पुरेशी स्पष्ट नाही’ म्हणून परत आला. दुसऱ्या वेळी ने-आणीच्या वह्या जोडल्या, तारीखवार. सगळं मिळून चौदा महिने गेले.

या प्रवासात खरी कामाची गोष्ट होती ती प्रशिक्षण. नव्या नियमांत हत्यार सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते देणारे गुरुजी लष्करातून निवृत्त झालेले. पहिला अख्खा दिवस त्यांनी गोळी हातात दिली नाही. हत्यार हातात घेतलं की नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर, आधी उघडून बघायचं, मग दुसऱ्याला उघडून दाखवायचं. पन्नास वेळा तेच. मधल्या सुट्टीत कोणी तरी म्हणालं, आपल्या कोल्हापूरच्या मातीत नेमबाजी आहे. खरं आहे ते. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला २५ मीटर पिस्तूलचं सोनं मिळवलं, आणि पुढे ऑगस्ट २०२४मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य मिळवलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ती पोरं रोज तासन्‌तास नुसता चाप दाबायचा सराव करतात, गोळी न घालता. तुम्ही किती करणार ते सांगा.” कोणी बोललं नाही.

कायदाही त्यांनीच शिकवला. बचावाचा हक्क त्या वेळी भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता. १ जुलै २०२४पासून न्याय संहिता आली आणि तो ३४ ते ४४मध्ये गेला. आकडे बदलले, गाभा तोच. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. मी हे वहीत लिहून घेतलं. पुढे हत्यार निवडताना या दोन वाक्यांचा मला दुकानदाराच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोग झाला.

आता काय घ्यायचं? आपल्याकडे सामान्य माणसाला ९ मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात येतं. .३८ इंची रिव्हॉल्व्हरही नाही. परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसाला कित्येक वर्षं बंद आहे, त्यामुळे जुनी वॉल्थर किंवा ब्राउनिंग एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात ती भरमसाट किमतीला. उरतं .३२. त्यात सरकारी कारखान्याचं जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर आहे, नळी खाली मोडून उघडणारं. त्याच वळणाचं, पण टायटॅनियमच्या मिश्रधातूतलं ‘निर्भीक’ २०१४मध्ये कानपूरला निघालं. सहा गोळ्या, वजन अवघं ५०० ग्रॅम. ‘अशनी’ नावाचं पिस्तूल आहे. नाव छान आहे, अशनि म्हणजे वज्र. उत्तर प्रदेशात हरदोईला वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने रिव्हॉल्व्हरं बनू लागली. आणि ऑगस्ट २०२३मध्ये कानपूरहून ‘प्रबल’ आलं. ७६ मिलिमीटर नळी, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, आणि गोळ्यांचं चक्र बाजूला उघडणारं. माझ्या ठोकळ्याची मापं मी इथूनच उचलली होती.

ठोकळ्याच्या पंधरा दिवसांत जे कळलं ते कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही.

आम्ही सराफ अजून गादीवर बसतो. मांडी घालून, दिवसातले सात-आठ तास. पहिल्या दिवशी ठोकळा उजव्या कुशीवर, पट्ट्याच्या आत लावला. मांडी घातली की त्याचं खालचं टोक जांघेत आणि वरचं टोक बरगडीत. अर्ध्या तासात मी तिरका बसायला लागलो. तिजोरी खाली आहे, ती उघडायला वाकलं की शर्ट वर सरकायचा आणि ठोकळ्याचं डोकं बाहेर. गिऱ्हाईक समोर बसलेलं. तिसऱ्या दिवशी तो मागे, कमरेच्या वरच्या बाजूला नेला. बसायला सोपं गेलं, पण गाडीत टेकून बसलं की पाठीच्या कण्यावर दाब, आणि सीटबेल्ट लावल्यावर तिथे हात पोचतच नाही. जिथे मला त्याची गरज, त्या गाडीतच ते निरुपयोगी. पाचव्या दिवशी डाव्या बाजूला, मूठ उजवीकडे वळवून. गाडीत उत्तम. गादीवर बरं. पण गिऱ्हाइकाचं लहान मूल कडेवर घेतलं तर ते नेमकं त्यावर बसतं. ठोकळाच होता म्हणून मी हसून सोडून दिलं असतं, पण मला हसू आलं नाही. त्या पोरीचा पाय ज्या जागी होता तिथे मूठ आली असती.

मग देऊळ. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी अंबाबाईला जातो, दुकानापासून चार पावलांवर. देवळात हत्यार नेता येत नाही आणि नेऊही नये. मग ते ठेवायचं कुठे? दुकान अजून उघडलेलं नाही. गाडीच्या डिकीत ठेवून जाणं हा निव्वळ बेजबाबदारपणा. घरून निघताना घ्यायचंच नाही, आणि दर्शन झाल्यावर पुन्हा घरी जाऊन आणायचं, हाच एक रस्ता उरतो. बँकेतही तेच. एका दिवसात किती जागी जाण्याआधी ते उतरवावं लागेल हे मी आठवडाभर लिहून काढलं. सरासरी चार वेळा. आणि हत्यार अंगावर असताना जेवढं सुरक्षित, तेवढं ते काढताना-घालताना नसतं, हे गुरुजींनी बजावलेलं.

पंधराव्या दिवशी ठोकळा काढून काट्यावर ठेवला. वजन तेच, सातशे. माझ्या उजव्या कुशीवर मात्र रुपयाएवढा काळानिळा डाग होता.

जूनमध्ये लोकसभेची आचारसंहिता संपल्यावर हत्यारांच्या दुकानात गेलो. कोल्हापुरातलं नाही, बाहेरचं. काउंटरवरच्या काकांनी तीन नग मखमलीवर मांडले. घरच्यासारखा माणूस. “शेठ, नवीन आहे बघा, पन्नास मीटरची मार आहे,” म्हणाले.

“काका, पन्नास मीटरवरचा माणूस मला काय करणार आहे?”

“तसं नव्हं, ताकद हाय म्हणायचं.”

मी वाद घातला नाही. पण पन्नास मीटर लांब असलेला माणूस माझ्या जिवावर उठलाय हे मी कुठल्या कोर्टात सांगू? तेवढ्या अंतरावर गाडी वळवता येते, पळता येतं, ११२ फिरवता येतो. माझ्या कामाचं अंतर म्हणजे गाडीच्या खिडकीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत. तीन मीटर, फार तर सात. त्या अंतरावर हत्याराची ताकद नव्हे, तर माझ्या हातातली चापाची ओढ निकाल लावणार.

दुकानात गोळी झाडून बघता येत नाही. पण नकली काडतुसं घालून चाप ओढायला काकांची हरकत नव्हती. मी सोबत दोन वस्तू नेल्या होत्या. एक माझं भिंग, दुसरा ओढ किती किलोची ते दाखवणारा ताणकाटा. काकांना आश्चर्य वाटलं, पण कौतुकाने बघत बसले.

भिंगाने कडा बघितल्या. दागिन्याची कड नीट घासलेली नसेल तर ती साडीचे धागे ओढते. रोज अंगावर वागवायच्या लोखंडाचंही तसंच. तिघांपैकी एकाच्या घोड्याची, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आपटणाऱ्या भागाची, कड बोचरी होती, अंगठा फिरवला की ओरखडा उमटत होता. तो बाजूला ठेवला. मग चक्रातली गोळ्यांची घरं नळीशी बरोबर जुळतात का ते पाहिलं. नकली काडतुसांनिशी चाप सावकाश ओढायचा, घोडा पडायच्या आत चक्र जागी बसल्याचा बारीक ‘टक’ आवाज आला पाहिजे. प्रत्येक घराला तो येतो का, हे एकेक करून ऐकलं. चक्र आणि नळी यांच्यामधली फट उजेडाला धरून बघितली, सगळीकडे सारखी. हे काम मला सोपं गेलं, कारण फिरकीच्या बांगडीचा आटा बसलाय की नाही, हेही आम्ही असंच कानाने ओळखतो.

ताणकाटा चापाला अडकवला. घोडा आधी चढवून ठेवला तर दोन किलोला सुटत होता. सरळ चाप ओढून घोडा उचलायचा तर साडेपाच किलोच्या वर. हा फरक फार मोठा आहे, आणि ज्यांनी सिनेमातच रिव्हॉल्व्हर पाहिलंय त्यांना तो माहीत नसतो. साडेपाच किलो म्हणजे तर्जनीच्या पेराने भरलेली पाण्याची कळशी उचलण्यासारखं. ओढता ओढता नळी डावीकडे सरकते. काका म्हणाले, “जड वाटतंय तर हलकं करून देणारे कारागीर हायत.” मी नको म्हटलं. या रिव्हॉल्व्हरला वेगळी सुरक्षेची कळ नसते. चापाची ओढ हीच त्याची सुरक्षा. ती काढून टाकली तर खिशातली किल्ली चापात अडकली तरी पुरे.

पिस्तूलही हातात घेऊन पाहिलं. चपटं असतं, कुशीला लागत नाही, त्या बाबतीत रिव्हॉल्व्हरचं पोट फुगलेलंच. ठोकळ्याच्या अनुभवावरून मला पिस्तूलच घ्यावंसं वाटत होतं, हे कबूल करतो. पण पिस्तुलात गोळी नळीत आहे की नाही हे वरून दिसत नाही. गोळ्यांचं मॅगझीन काढलं म्हणजे रिकामं झालं, असं समजून कितीतरी अपघात होतात. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं की सगळी घरं डोळ्यांपुढे. शिवामामांनाही लांबून दिसेल की रिकामं आहे. आणि गोळी नाही उडाली तर पुन्हा चाप ओढला की पुढचं घर येतं, पिस्तुलात ती अडकलेली गोळी काढायला दोन्ही हात आणि शांत डोकं लागतं. मला माझ्या डोक्याची त्या क्षणाची खात्री नव्हती. पेट्रोल पंपावरची ती संध्याकाळ मी विसरलो नव्हतो.

एक गोष्ट नव्याने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पिस्तुलाची .३२ आणि रिव्हॉल्व्हरची .३२ ही दोन वेगळी काडतुसं. पिस्तुलाचं ७.६५ बाय १७, रिव्हॉल्व्हरचं ७.६५ बाय २३ मिलिमीटर आणि त्याच्या बुडाला कड असते. आकडा एकच म्हणून गोंधळ होतो. मी जी पेटी घेतली त्यातल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ असं उमटलेलं होतं, म्हणजे आपल्या पुण्याची खडकी. १८६९पासूनचा कारखाना. घरी आल्यावर सहा काडतुसं काट्यावर ठेवली, साठेक ग्रॅम भरली. एखाद्या गोठातोड्याइतकं वजन.

मी घेतलं ते चक्र बाजूला उघडणारं, आखूड नळीचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एका नगावरून सगळ्यांबद्दल सांगणं बरोबर नाही. क्रमांक परवान्यावर चढवून घेतला. कपाटात आधीच पोलादी पेटी बसवली होती, भिंतीत बोल्ट ठोकून. घरी पत्नीने एकच विचारलं, “अहो, तुम्ही घरी नसताना कोणी आलं तर मी काय करायचं?” मी म्हणालो, पेटीला हात लावायचा नाही. परवाना माझ्या नावाचा आहे, आणि चावी माझ्याकडेच राहील. तिने मान हलवली, पण मग दाराला जाळीचं दुसरं दार बसवून घ्या म्हणाली. ते दुसऱ्या आठवड्यात बसवलं.

जुलैमध्ये परवानगी घेऊन नेमबाजीच्या एका रेंजवर गेलो. पन्नास गोळ्या, पाच-पाचचे डाव. .३२चा धक्का फार नाही, मनगट सहज सावरतं. पण आखूड नळीचा आवाज मात्र कानठळ्या बसवतो, कानाला संरक्षण नसेल तर पहिल्या गोळीनंतर डोळे आपोआप मिटतात. सात मीटरवर, घोडा चढवून, सावकाश झाडलेल्या पाच गोळ्या आमटीच्या वाटीत मावतील एवढ्या जवळ बसल्या. मला फार आनंद झाला. मग गुरुजी म्हणाले, आता घोडा न चढवता, तीन सेकंदांत पाच. ती पाच भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरली आणि सगळी डावीकडे. पंधरा मीटरवर दोन गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. त्या दोन गोळ्या कुठे गेल्या, ते मी मागच्या मातीच्या भिंतीवर शोधत राहिलो. हुपरीच्या रस्त्यावर मागे मातीची भिंत नसते. उसाची मोळी डोक्यावर घेतलेली बाई असते, सायकलवरचं पोर असतं.

त्या दिवसापासून मी रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप दाबतो. आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग चक्र उघडून दोनदा बघायचं, बोटाने चाचपायचं. नळीवर एक रुपयाचं नाणं आडवं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. पहिल्या आठवड्यात दहातून दोनदा जमलं. दिवाळीपर्यंत दहातून आठवर आलं असतं, पण मधेच खंड पडला, तो पुढे सांगतो.

पावसाळ्याने आणखी एक धडा दिला. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे श्रावणात कपाटातल्या चपलांना बुरशी. म्यान म्हणून मी एका दुकानातून तयार कातडी म्यान घेतलं होतं. हत्यार त्यातच घालून पेटीत ठेवायचो. तीन आठवड्यांनी काढलं तर एका स्क्रूच्या डोक्यावर नारिंगी ठिपका. कातडं ओल धरून बसतं. तेव्हापासून हत्यार वेगळं, तेलाच्या फडक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. म्यान वेगळं, हवेशीर. अंगावरून उतरवलं की आधी पुसायचं, घामातलं मीठ तासाभरात आपलं काम सुरू करतं. चांदी काळी पडते ती उजळता येते, लोखंड खाल्लं गेलं की गेलं.

त्याच म्यानाने दुसरा धोकाही दाखवला. ऑगस्टमधली हुपरीची फेरी, पट्टणकोडोलीच्या अलीकडे रस्ता उखडलेला. गाडीतून उतरून टायर बघायला वाकलो आणि कमरेशी काही तरी सैल झाल्याचं जाणवलं. मुठीवरच्या पट्टीचं बटण आपोआप उघडलं होतं, रिव्हॉल्व्हर अर्धं बाहेर. मी तसाच, वाकलेल्या स्थितीत, हात वरून दाबून धरला आणि मामांना म्हटलं, “गाडीत बसा आधी.” पडलं नाही. पण ते चिखलात पडलं असतं, रस्त्यावरच्या चार माणसांनी पाहिलं असतं, तर? नियम सांगतात की हत्यार म्यानात, झाकलेलं आणि पूर्ण ताब्यात असलं पाहिजे. बटण बघितलं तर त्याची पकड महिन्याभरात झिजलेली. मी हुपरीहूनच पाहुण्यांच्या ओळखीने एका चपला करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याला हत्यार दाखवलं नाही, तोच सागवानी ठोकळा दिला, मूठ कुठे येते ते खुणेने सांगितलं आणि चाप झाकला जाईल असं जाड, उभ्या शिवणीचं म्यान करून घेतलं. बकल पितळेचं, बटण नाही. ते काढायला अर्धा सेकंद जास्त लागतो. तो अर्धा सेकंद मी आनंदाने देतो.

सप्टेंबरात गावाकडे लग्न होतं. चुलतमामा कानात म्हणाला, “आणलंयस न्हवं? वरात आली की एक बार उडव.” मी आणलंच नव्हतं. आणलं असतं तरी उडवला नसता. २०१९च्या दुरुस्तीने लग्नातल्या असल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलंय, हे मी त्याला सांगितलं. तो रुसला, जेवायला शेजारी बसला नाही. रुसू दे. वर गेलेली गोळी कुठे तरी खाली येतेच.

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा मांडतो. तराजू, वजनं, सांडशी, कानस, फुंकणी, आजोबांचा ठोकायचा हातोडा. मी पेटी आणून त्या रांगेत ठेवली. वडिलांनी ती उचलून पाटाच्या कडेला, थोडी वेगळी ठेवली. कुंकू घेतलेला माझा हात पुढे गेला तसं म्हणाले, “लोखंडाला लावू नकोस, ओल धरतं. पेटीला लाव.” एवढंच बोलले. नंतर झेंडूचं एक फूल त्यांनी स्वतः पेटीवर ठेवलं.

थोड्याच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. कोणाचं हत्यार जमा करून घ्यायचं ते समिती ठरवते, यादीत माझं नाव आलं. रिकामं करून, चक्र उघडं ठेवून ठाण्यात नेऊन दिलं, पावती घेतली. पावतीवर क्रमांक, काडतुसांची संख्या, सही. मग आली दिवाळी. आमच्या धंद्यातले वर्षातले सगळ्यात जोखमीचे पंधरा दिवस, आणि ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला ते हत्यार ठाण्याच्या कपाटात.

तेव्हा मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. एका फेरीत न्यायची चांदी निम्मी केली, फेऱ्या वाढवल्या. निघायची वेळ रोज वेगळी. गुजरीतले आणखी दोघे सराफ आणि मी मिळून एकाच गाडीने जायला लागलो. मालाचा वाहतूक विमा काढला. गाडीला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बसवलं, त्याची खूण पत्नीच्या फोनवर. अंधार पडल्यावर हुपरीहून निघायचं नाही, उशीर झाला तर कारागिराच्या घरी मुक्काम. दिवाळी निर्धास्त गेली. मामांनी भाऊबीजेला सांगितलं की या खेपेला त्यांना झोप लागली.

मतदान २० नोव्हेंबरला झालं, निकाल २३ला. त्यानंतर पावती दाखवून रिव्हॉल्व्हर परत घेतलं. घरी येऊन उघडून बघितलं, नळीत धूळ होती, गंज नव्हता. रोजच्या रोज ते अंगावर वागवायचा विचार मी तोपर्यंत सोडून दिला होता. हुपरीचे दोन दिवस, तेही मोठा माल असेल तरच. बाकी दिवशी पेटीत. गादीवर, देवळात, बाजारात, लग्नात नाही. ज्यांचं काम शेतावर, एकट्या वस्तीवर आहे त्यांचा हिशेब वेगळा निघेल, पण तोही त्यांनी आधी ठोकळा लावून पंधरा दिवस काढून मगच करावा असं मला मनापासून वाटतं. ठोकळ्याला चार आण्याचं लाकूड आणि मूठभर शिसं लागतं.

रात्री काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली, चक्र दोनदा तपासलं, नळीवर रुपया ठेवला. पहिल्याच चापाला तो घरंगळून कपाटाखाली गेला. दहातून तीन. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.